खो-खोवाल्यांचा फुटबॉल

उमाकांत कागवाडकरांनी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत फुटबॉलला पाय लावला नव्हता. हे ते स्वतःच सांगतात, आणि अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, फुटबॉल शिकवायला हीच खरी पात्रता. चिकोडीच्या शाळेत ते खो-खो खेळले, संघाचे कप्तान झाले, दोन्ही गुडघे फोडून घेतले. मग इंजिनिअर होऊन बेंगळुरूला आले, एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये चिकटले आणि राजाजीनगरात घर करून वीस वर्षं नाकासमोर चालले. सकाळी सातची कारखान्याची बस, संध्याकाळी साडेपाचला परत, रविवारी दुपारी झोप. अशा माणसाच्या गळ्यात फुटबॉल क्लब पडला तो लेकीमुळे.

१९९६ साल होतं. अमृता आठ वर्षांची. शाळेमागच्या मैदानावर रविवारी सकाळी पोरं फुटबॉल खेळायची आणि ही त्यांचा गटारात गेलेला चेंडू काढून द्यायची. तीन रविवार उमाकांतांनी कठड्यावर बसून हे पाहिलं. चौथ्या रविवारी ते मैदानात उतरले आणि म्हणाले, "हिलाही घ्या." पोरांचा म्होरक्या म्हणाला, "अंकल, टीम फुल आहे." "सरी, मग मी दुसरी टीम करतो," उमाकांत म्हणाले आणि खरोखरच करून बसले. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते करतो. कुणी नोकरीवर लाथ मारतो, कुणी सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो. यांनी राजाजीनगर बालगोपाळ फुटबॉल क्लब काढला आणि आजूबाजूच्या दहा गल्ल्यांतल्या पोरांचे 'अण्णा' झाले.

त्या वेळचं मैदान अण्णांना आजही डोळे मिटले की दिसतं. डिसेंबरात सकाळी सातला असं धुकं असायचं की या टोकाच्या गोलवरून त्या टोकाचा गोल दिसायचा नाही. गोल म्हणजे काय, तर निलगिरीचे दोन वासे आणि वर सुतळी. मैदानावर एका वेळी क्रिकेटच्या चार मॅच चालायच्या, आणि आपला चेंडू कुठला व दुसऱ्याचा कुठला हे फक्त पोरांना कळायचं. मधोमध एक तांबडी गाय बसायची. तिला उठवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे खेळाडू तिला वळसा घालून पळायचे, आणि क्लबातल्या पोरांना चेंडू वळवायची कला आली ती या गाईमुळे, असं अण्णा शपथेवर सांगतात. कॅनव्हासचे बूट, थोरल्या भावाचे स्वेटर, लाल मातीने कायमचे रंगलेले मोजे. मराठी, कन्नड, तमिळ, उर्दू, सगळ्या भाषांतून एकाच वेळी भांडणं. आणि खेळ संपला की अण्णांची बायको अलका स्कूटरवरून स्टीलचा मोठा डबा घेऊन यायची. डब्यात गिरमीट. चिरमुऱ्यांना कांदा-टोमॅटो आणि चिंचगुळाचा मसाला लावायचा, वर डाळ्याचं पीठ भुरभुरायचं आणि कागदाच्या पुड्यात घालून द्यायचं. पोरं अर्धी फुटबॉलसाठी यायची आणि अर्धी अलकाअक्कांच्या गिरमिटासाठी. अण्णांना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

शिकवायचं म्हणजे काय, हा प्रश्न मात्र होता. ऑफसाइड कशाला म्हणतात हे अण्णांना आजही धड सांगता येत नाही. मग त्यांनी जे येत होतं तेच फुटबॉलला लावलं. खो-खोत बचाव करणारे तिघंतिघं मैदानात उतरतात. ते तिघं बाद झाले की पुढचे तिघं. तिथे लाडका-दोडका नसतो. शेवटच्या तुकडीतल्या रडतराऊलाही पळावंच लागतं. अण्णांनी आपल्या पोरांच्या अशाच तीन-तीनच्या तुकड्या पाडल्या. लहान मुलांच्या सामन्यात सात जण खेळतात, गोलकीपर सोडला तर सहा, म्हणजे दोन तुकड्या आत आणि एक बाहेर. बाहेरची तुकडी खुर्चीवर बसायची नाही. ती रेषेलगत खो-खोसारखी उकिडवी बसायची, एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. अण्णा कडेने "खो!" असं ओरडले की आतले तिघं पळत यायचे, बसलेल्यांच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणायचे, आणि बसलेले ताडकन उठून मैदानात घुसायचे. दुसऱ्या क्लबांचे कोच पोट धरून हसायचे. "आला रे आला, खो-खो क्लब आला!" हे नाव असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने विचारायला लागला.

प्रत्येक तुकडीत एक पळणारा, एक बरा आणि एक नवा, असा अण्णांचा हिशेब. चांगले तिघं एकत्र कधीच नाहीत. साहजिकच क्लब हरायचा. कधी थोडक्यात हरायचा, कधी सपाटून हरायचा, पण हरायचा. कागवाडकरांच्या शोकेसमध्ये 'सहभागाबद्दल' असं लिहिलेली प्रशस्तिपत्रकं एवढी झाली की अलका म्हणायची, "अहो, यांची रद्दी तरी घाला. दिवाळीला पणत्या ठेवायला जागा होईल." अण्णा हसायचे. पण पाहुणे आले की त्यांची नजर त्या शोकेसवर जाऊन परत यायची, हे अलकाला दिसत होतं. एक कप असता तर काय बिघडलं असतं? एवढंसं तर कपाट.

आता १९९९ सालची गोष्ट सांगायला हवी. अण्णा ती कुणाला सांगत नाहीत, म्हणून आपणच सांगू.

त्या वर्षी क्लब पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. अमृता अकरा वर्षांची झाली होती आणि चेंडू पायाला शिवून घेतल्यासारखी पळायची. तेव्हा नियम साधा होता: बाहेरची तुकडी दुसऱ्या डावात आत. त्या तुकडीत सुप्रीता होती. अण्णांच्याच टूलरूममधल्या शिवाप्पा फिटरची मुलगी, बुजरी, पायात पाय अडकणारी. तिचा खेळ बघायला तिची आजी भागुबाई चामराजपेटहून दोन बस बदलून आली होती. चामराजपेटात घरी बसून ती फुलांच्या माळा करायची. क्लबातल्या सगळ्या मुलींसाठी ती अबोलीचे गजरे घेऊन आली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून.

दुसरा डाव सुरू झाला तेव्हा बरोबरी होती. अण्णांनी तुकडीतल्या दोघांना आत घातलं, आणि अमृता जिथे बाहेर यायची तिथे हात वर केला. कन्नडात लाडाने छोट्या पोरीला म्हणतात तसं सुप्रीताला म्हणाले, "पुट्टी, स्वल्प थांब." ती थांबली. पाच मिनिटं थांबली, दहा मिनिटं थांबली. उकिडवं बसून पाय भरून आले असतील, पण उठली नाही. अण्णांनी एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. शेवटी समोरच्या संघाने गोल केला, शिट्टी वाजली, आणि क्लब नेहमीसारखा हरला.

पोरं पाणी प्यायला पळाली. भागुबाई छत्री टेकत अण्णांपाशी आली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, सामना संपलाय हेही कळलं नव्हतं.

"अण्णा, आमच्या पुट्टीचा नंबर कवा हो?"

"संपलं की आजी," ते म्हणाले. "वेळच कमी पडला बघा."

"असू दे, असू दे," भागुबाई म्हणाली. "वेळ काय आपल्या हातात असतोय व्हय?" आणि तिने फडकं सोडून पहिला गजरा अमृताच्या केसांत माळला. "तू लई पळालीस गं बाई."

स्कूटरवरून घरी येताना अमृता खूश होती, गजरा सारखा चाचपत होती. अण्णांना तो वास सहन होत नव्हता, आणि अबोलीला तर वासही नसतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिवाप्पाने काहीच विचारलं नाही. रोजच्यासारखा चहा आणून पुढ्यात ठेवला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. सुप्रीता पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तीनदा अण्णांनी शिवाप्पाच्या गल्लीपर्यंत स्कूटर नेली आणि तीनदा कोपऱ्यावरून वळवून आणली. काय बोलायचं, हे ठरलं होतं. बोलायला मात्र तोंड उघडलं नाही. मग शिवाप्पाची बदली झाली, आणि बोलायचं राहूनच गेलं.

आपल्या हातात राहिलं की आपण माती खातो, एवढं मात्र अण्णांना त्या दिवशी कळलं. त्यांनी नियम घट्ट केला. दर आठ मिनिटांनी बदल, घड्याळ लावून. तुकड्यांचा क्रम आदल्या दिवशीच पोरांना वाचून दाखवायचा. मग आभाळ कोसळलं तरी त्यात फरक नाही. एकदा संघाचा हुकमी खेळाडू गोलपासून चार पावलांवर होता आणि अण्णा "खो!" म्हणून ओरडले. तोही वेडा चेंडू तिथेच सोडून पळत आला. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी अण्णांना जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

असे रविवार गेले, वर्षं गेली. गाय गेली, तिची वासरंही गेली. मैदानाला जाळी आली, धुकं विरळ झालं, स्वेटरांची गरज उरली नाही. अमृता शिकून म्हैसूरला कॉलेजात शिकवायला गेली. अण्णा निवृत्त झाले, तरी रविवारी पहाटे पाचला त्यांना जाग यायचीच. जुनी पोरं बापे झाली. अजूनही मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर एखादा दाढीवाला मागून येतो, अण्णांच्या पाठीवर थाप मारतो, "खो!" म्हणतो आणि गर्दीत पुढे निघून जातो. नाव आठवेपर्यंत तो फाटकापलीकडे गेलेला असतो. त्या दिवशी अण्णा घरी येऊन दोन पोळ्या जास्त खातात.

दोन वर्षांपूर्वी जितेंद्र आला. पुण्याचा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. रोज कंपनीच्या बसने शहर ओलांडायचा आणि रविवारी मुलीला घेऊन मैदानावर हजर व्हायचा. मुलगी ईरा, दहा वर्षांची. तिने पहिल्या दिवशी चेंडू थांबवला तेव्हाच अण्णा कठड्यावरून उठून पुढे आले. असं थांबवणं त्यांनी अमृतानंतर पाहिलं नव्हतं.

अण्णांच्या गुडघ्यांनी तोवर दगा दिला होता, म्हणून जितेंद्र मदतनीस झाला. तो कॉलेजात खरोखरचा फुटबॉल खेळलेला. पहिल्याच महिन्यात तो लॅपटॉप घेऊन कागवाडकरांच्या घरी आला.

"काका, प्लीज डोन्ट माइंड, पण हा डेटा बघा ना. बेस्ट सहा जणांना पूर्ण मॅच ठेवलं ना, तर आपण सेमीला आरामात जातो."

"आणि बाकीचे?"

"त्यांना इझी मॅचेसमध्ये खेळवू."

"आपल्याला इझी मॅच असते कधी?" अण्णांनी विचारलं. यावर जितेंद्राकडे डेटा नव्हता. अलकाने त्याच्यापुढे गिरमिटाची बशी सरकवली, आणि विषय तिथेच संपला. जितेंद्र मात्र चिडला नाही. पुढच्या रविवारपासून मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर तोच लावायला लागला.

आणि गंमत अशी की यंदा, कुणी काही न बदलता, क्लब जिंकायला लागला. थोडं नशीब, थोडी ईरा, आणि थोडं असं की बाकीच्या संघांतले चांगले सहा जण शेवटी दमून जायचे आणि आपली नऊच्या नऊ पोरं ताजी असायची. पाहता पाहता विभागाच्या बाल स्पर्धेत खो-खो क्लब अंतिम सामन्यात जाऊन बसला.

अण्णांचं वय बहात्तर. अंतिम सामना रविवारी आणि मंगळवारी गुडघ्यांचं ऑपरेशन. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की यापुढे मैदानाच्या कडेला उभं राहणं बंद. रविवारनंतर क्लब जितेंद्र बघणार, हे ठरलं होतं. म्हणजे अण्णांचा हा शेवटचा सामना, आणि एकोणतीस वर्षांत कप मिळायची ही पहिली आणि शेवटची संधी. शनिवारी संध्याकाळी त्यांनी शोकेसमधली प्रशस्तिपत्रकं एका बाजूला सारली आणि मधोमध वीतभर जागा केली. अलकाने ते पाहिलं आणि रद्दीचा विषय न काढता त्या जागेवरची धूळ पुसून दिली.

रविवारचं मैदान दुसऱ्या भागात, खऱ्या गवताचं नव्हे, हिरव्या गालिच्याचं. समोर एका अकॅडमीचा संघ, सगळ्यांचे बूट एका रंगाचे. अण्णांनी जाळीला टेकून उभं राहायची जागा शोधली. आधी वाचून दाखवल्याप्रमाणे शेवटच्या आठ मिनिटांत ईराची तुकडी बाहेर यायची होती. तिच्याबरोबर संहिता आणि ईशान. आत जायचे होते भूमिका, मानसिंग आणि हयवदन. हयवदन म्हणजे नऊ वर्षांचा गुटगुटीत मुलगा, चष्मा इलॅस्टिकने डोक्याला बांधलेला. त्याला चेंडू आपल्याकडे येतोय हे कळायचं, पण आल्यावर. आधीच्या सामन्यांत दोनदा चेंडू त्याच्याकडे आला होता आणि दोन्ही वेळा तो घाबरून बाजूला झाला होता.

पहिल्याच डावात ईराने तिघांना चकवून गोल केला. अण्णांनी जाळी घट्ट धरली. तेव्हापासून त्यांचा जीव त्यांच्या जागेवर नव्हता. अकॅडमीची पोरं एकामागून एक चाल करत होती, आणि ईरा मागे येऊन, पुढे जाऊन, एकटीने सगळं सावरत होती. एक-शून्य. एक-शून्य. शेवटची फेरी आली.

जितेंद्राच्या मोबाइलचा गजर वाजला. "काका, आठ झाली."

अण्णांचे डोळे ईरावरच होते.

"काका?"

"थांब जरा."

जितेंद्र थांबला. त्याने गजर बंद केला आणि मोबाइल खिशात घातला. बाप होता तो, मुलगी आत राहिली तर त्याला नको होतं थोडंच. रेषेलगत उकिडवी बसलेली तीन पोरं अण्णांकडे बघत होती. हयवदन अर्धा उठला, परत बसला. पुन्हा उठला, बसला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याची आणि अण्णांची नजरानजर झाली, आणि अण्णांनी तोंड फिरवलं.

सुप्रीता त्यांना आठवली नाही असं नाही. आठवली. भागुबाईचा आवाजही आठवला. तरी ओठ उघडले नाहीत. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण बुद्धी शाबूत होती, हाव सुटली होती. एकदाच, ते मनाशी म्हणत होते, फक्त एकदाच. सात मिनिटं राहिलीत. उद्यापासून मी कुणाचा कोण? एकोणतीस वर्षं लोकांनी हसून घेतलं, आता सात मिनिटं मला द्या. पोरं लहान आहेत, विसरतील. आणि विसरत नाहीत, हे जगात ज्याला सर्वांत चांगलं माहीत होतं, तोच माणूस हे म्हणत होता.

चेंडू बाहेर गेला. थ्रो-इन अकॅडमीचा होता. ईराने कपाळावरचा घाम पुसला आणि रेषेकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. अण्णा कुंपणापलीकडच्या झाडाकडे बघत होते. तिने संहिताला हाक मारली, ईशानच्या शर्टाला धरून ओढलं, आणि तिघंही पळत रेषेवर आली.

"खो!" ईराने हयवदनच्या पाठीवर हात मारला. बाजूला दोन "खो" आणखी वाजले. हयवदन धडपडत उठला आणि चष्मा सावरत मैदानात पळाला.

अण्णा ओरडणार होते. "मागे जा," असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ईरा बसलीसुद्धा होती, उकिडवी, तोंड मैदानाकडे करून, नियमाप्रमाणे. त्या एवढ्याशा पाठीकडे बघून अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

पुढे काय झालं ते अकॅडमीला जास्त चांगलं सांगता येईल. तीन मिनिटांत एक गोल, आणि अगदी शेवटी दुसरा. मधल्या वेळात एकदा चेंडू सरळ हयवदनकडे आला. तो बाजूला झाला नाही. त्याने डोळे मिटून अशी लाथ घातली की चेंडू जाळीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून एका ऑटोच्या टपावर. फुटबॉलमध्ये याचा काही उपयोग नसतो. पण खो-खो क्लबची बसलेली पोरं उभी राहून नाचली.

दोन-एक. क्लब हरला.

पोरं दोन-तीन मिनिटं रडली. मग अलकाअक्कांचा डबा उघडला, आणि रडणं थांबलं. अण्णा एकटेच कठड्यावर बसले होते. गुडघे ठणकत होते. समोर कप दुसऱ्याच्या हातात चालला होता, निळ्या फितीचा, वीतभर उंचीचा, आणि त्याच्याकडे बघून त्यांना वाईट वाटत होतं. वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

ईरा पुडा घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. तोंडात चिरमुरे होते.

"अण्णा, तुम्ही विसरलात ना? आठ मिनिटं कधीच झाली होती. बाबा म्हणाले, काकांना काही बोलू नकोस, त्यांचं आता वय झालंय."

चार पावलांवर उभा असलेला जितेंद्र लालबुंद झाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

वाट मोकळी होती. "हो गं, विसरलो," एवढं म्हटलं की झालं. कुणाला कळलं नसतं, उलट सगळ्यांनी सांभाळून घेतलं असतं. म्हाताऱ्या माणसाला विसरायची मुभा असते.

"विसरलो नव्हतो," अण्णा म्हणाले.

"मग?"

"मला कप पाहिजे होता. तू आत राहिलीस तर मिळेल असं वाटलं. म्हणून 'खो' दिला नाही."

ईराने चावणं थांबवलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मुलं बघतात तसं, पापणी न हलवता. अण्णांनी या खेपेला नजर फिरवली नाही.

"हे हयवदनला सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग त्याला सांगा ना. मला काय सांगताय?"

अण्णा कठड्याला हात टेकून उठले. जितेंद्र आधार द्यायला पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. हयवदन जाळीपाशी मांडी घालून बसला होता आणि भूमिकाला ऑटोच्या टपाची गोष्ट बहुधा पाचव्यांदा सांगत होता. अण्णांना खाली बसता येत नव्हतं, तरी ते जाळी धरून धरून त्याच्यासमोर जमिनीवर बसले. भूमिका उठून गेली.

"हयवदन, मघाशी तुझा नंबर आला होता. मला माहीत होतं. मी मुद्दाम गप्प बसलो. चुकलं माझं."

हयवदनने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"मला माहीत आहे, अण्णा," तो म्हणाला. "मी उठलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं होतंत."

"हो," अण्णा म्हणाले. "बघितलं होतं."